कुमार बंटीचे हेडसर

हेडसर नुसते खाकरले तरी तीन वर्ग एकदम गप्प व्हायचे. मधल्या सुट्टीत ते व्हरांड्यात आले, की पोरं तोंडातला घास न चावता गिळायची. अशा माणसाला निवृत्तीनंतर दोन किलोचं पॉमेरेनियन पिल्लू भेटलं आणि त्याने सरांचं पार हसं केलं. मी त्यांची विद्यार्थिनी. द्वारका चौकाच्या मागे आमच्या दोन घरांत एक कंपाउंडची भिंत, त्यामुळे हा सगळा तमाशा मला फुकटात बघायला मिळाला. खोटं कशाला बोलू, मी मनसोक्त मजा लुटली.

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट असेल. मुलगा पुण्याहून आला आणि "बाबा, तुम्हाला सोबत" म्हणून पिल्लू ठेवून गेला. नाव बंटी. सरांना ते थिल्लर वाटायचं, म्हणून हजेरी घेतल्यासारखं ते "कुमार बंटी" अशी हाक मारायचे. दुसऱ्याच दिवशी मागच्या दारावर वळणदार अक्षरात वेळापत्रक लागलं. सकाळी सहा, प्रातर्विधी. सव्वासहा, प्रातर्विधी (उर्वरित).

कुमार बंटी सहाच्या ठोक्याला अंगणात जायचे. पेरूच्या बुंध्याचा वास घ्यायचे, मुंग्या बघायचे, सरांचं भाषण शेपूट हलवत ऐकायचे. "शिस्त म्हणजे दुसरं काही नाही, शिस्त म्हणजे सातत्य!" सर बजावायचे. भाषण संपलं की कुमार घरात यायचे आणि देवघराच्या उंबऱ्याशी सगळा कार्यक्रम उरकायचे. रोज. तिथेच. सातत्य म्हणाल तर त्या घरात ते एकट्या कुत्र्याकडे होतं.

एकदा सरांनी माळ्यावरून छडी काढली. तीच ती, शाळेतली. बंटीने तिचं टोक दातात धरलं आणि ओढायला सुरुवात केली. सरही थोडा वेळ ओढत राहिले. मग इकडेतिकडे बघून त्यांनी छडी गुपचूप माळ्यावर ठेवून दिली. "लहान आहे हो अजून," असं ते म्हणाले तेव्हा मी भिंतीवर कपाळ आपटायची बाकी होते. आमच्या तळहातांना ही सवलत कधी मिळाली नव्हती.

खरा धोका माईंचा होता. माई म्हणजे सरांच्या पत्नी, सोवळं कडक. देवघरापाशी थेंब पडला रे पडला, की त्या ओरडायच्या, "अहो, विटाळलं सगळं!" मग सर फडक्याने पुसायचे आणि गवळ्याकडून आणलेलं गोमूत्र त्या जागी शिंपडायचे. नुसतं शिंपडायचे नाहीत. हेडसरच ते, काम चोख. कोपऱ्यात, उंबऱ्याच्या फटीत, दिवसातून तीनदा. बाटली संपत आली की दुसरी हजर.

भाद्रपद सरला तरी सुधारणा नाही. शेवटी माईंनी निकाल लावला. "दसऱ्याला सखूबाई गावी जाईल. तिच्याबरोबर हे ध्यान पेठला जाऊ दे." सखूबाई त्यांच्याकडे धुण्याभांड्याला यायची. ती म्हणाली, "न्यायला काय, नेते. पन आमच्या तिकडं बिबट्या दाराशी येतो. मोठाली कुत्री उचलतो. ह्याचा तर एक घास."

त्या दिवसापासून सरांचं जेवण कमी झालं. अंगणात भाषणं बंद झाली. आता नुसती विनवणी चालायची, "कर रे बाबा. एकदा तरी कर." चाळीस वर्षं शेकडो पोरांना रडवलेल्या माणसाचा आवाज कापत होता. मला हसू यायचं बंद झालं, हेही सांगून टाकते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सखूबाई फरशी पुसत होती आणि सर बाटली घेऊन मागे उभे होते. ती पुसायची, ते शिंपडायचे. शेवटी ती वैतागली.

"सर, रागवू नका. लय शिकलेली मानसं तुम्ही. ते पोर मुतलं, तिथंच तुम्ही गाईचं मूत टाकता. जनावर वासावर चालतं. त्याला वाटतं, जागा हीच. तुम्हीच तर रोज दावता त्याला!"

सर बाटलीकडे बघत राहिले. मग थेट स्वयंपाकघरात माईंपुढे जाऊन उभे राहिले. परीक्षेत एक मिनिट जास्त न देणारा हा माणूस म्हणाला, "मला आठ दिवस वाढवून द्या. त्याची काही चूक नाही." माईंनी कढईतलं थालीपीठ उलटलं, चांगलं लागू दिलं आणि मग म्हणाल्या, "आठच."

सरांनी गुडघे टेकून कढत पाण्याने, साबणाने ती जागा घासली. बाटल्या बंद. दर दोन तासांनी पिल्लू उचलून पेरूखाली. चौथ्या दिवशी कुमार बंटींनी पाय उचलला आणि पेरूला मान दिला. सर तिथेच खाली बसले, त्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "चुकलं रे माझं. उगाच बोललो तुला. माफ कर."

मी भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होते. माझं डोकंच फिरलं. आठवीत माझा निबंध वडिलांनी लिहून दिलाय असं ठरवून सरांनी मला वर्गासमोर तासभर कान धरून उभं केलं होतं. मी ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकून पुढे झाले.

"सर, आठवीतला तो निबंध माझा मीच लिहिला होता."

त्यांनी मान वर केली. कुठला निबंध, असं विचारलं नाही.

"माहीत आहे मला. दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी बंटीच्या पाठीवरून हात फिरवला.

"शिक्षा सगळ्या वर्गासमोर दिली होती," ते म्हणाले. "माफीही सगळ्या वर्गासमोरच मागायला हवी होती. तेवढी छाती नव्हती गं माझी. इथे काय, कोणी बघत नाही."