परवाना मैदानाचा, माल घरात

जुन्या महाल भागात माझी आत्या राहते त्या गल्लीत फायर ब्रिगेडची गाडी शिरत नाही. दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. आणि तिथेच, आत्याच्या खोलीच्या बरोब्बर खाली, तिचा घरमालक दर दिवाळीला फटाक्यांच्या पेट्या रचतो. परवाना आहे त्याच्याकडे, पण मैदानावरच्या दुकानाचा. मैदानावर वाळूच्या बादल्या, दुकानांमध्ये अंतर, सगळं नियमाने. माल मात्र घरी. सादळलेला असला तर सकाळी गच्चीवर उन्हात, पापडांसारखा पसरून.

वर आतोबा अंथरुणाला खिळलेले. छातीचा आजार, उशाशी ऑक्सिजनचा सिलिंडर.

मी चौकात ‘वस्तीत बारूद नको’ची पत्रकं वाटणारी पोरगी. गप्प कशी बसणार? महापालिकेच्या अग्निशमन खात्यात लेखी तक्रार दिली, खेटे घातले. तपासणीचा दिवस ठरला आणि मूर्खासारखा मी तो आत्याला सांगितला. सांभाळून राहावं म्हणून.

त्या दिवशी दुपारी दोन साहेबांसोबत मी पोचले. खालची खोली रिकामी, फरशी ओली, नुकतीच पुसलेली.

“पाहा ना साहेब, कोपरा न् कोपरा पाहा,” घरमालक म्हणाला. “ताईले कामधंदा नाही, कागद वाटत फिरते.”

साहेब हसले. फाईल मिटली. माझे कान तापले. पाणी प्यायला म्हणून मी वर गेले.

आतोबांच्या दिवाणावरची चादर जमिनीपर्यंत लोंबत होती. आत्या अशी चादर कधीच घालत नाही. मी ती उचलली. खाली पेट्याच पेट्या. सुतळी बॉम्ब, रॉकेट. वर सिलिंडरची बारीक सूं सूं. दोन हातांवर देवासमोर उदबत्ती जळत होती.

आधी उदबत्ती पाण्यात बुडवली. मग वाचा फुटली.

“आत्या, हे काय?”

“हळू बोल वं! घंटाभराची तर गोष्ट हाय. साहेब गेले की नेते तो.”

“आतोबांच्या खाली? तपासणीचा दिवस तूच सांगितलास ना त्याला?”

“मंग? ऐन सणात अडकू देऊ त्याले? दवाखान्यात न्यायच्या वेळी ह्याइले उचलून कोण उतरवते? तुह्ये पत्रकवाले येतात काय?”

खाली साहेब गल्लीच्या तोंडाशी उभ्या जीपकडे निघाले. मी गॅलरीकडे वळले तर आत्याने मनगट धरलं. हाक मारली तर केस तिच्यावरही होणार, हे मला नियम पाठ असल्यामुळे तिच्यापेक्षा जास्त कळत होतं.

तेवढ्यात आतोबांनी तोंडावरचा मास्क सरकवला.

“बोलाव त्याइले,” ते म्हणाले. “सकाळपासून भेव लागून राहिलं मले.”

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. सकाळपासून ती त्यांच्याजवळच असणार, पण भीती वाटते का, हे तिने विचारलंच नव्हतं. तिची पकड सुटली. मी गॅलरीतून ओरडले, “साहेब, वर या!”

पंचनामा आत्याच्या नावाने सुरू झाला. माल तिच्या खोलीत सापडला ना! घरमालक दारात उभा राहून “मले काय माहीत” म्हणत होता. माल कोणाचा, ते मी घसा फोडून सांगत होते.

“ते लेखी द्या,” साहेब म्हणाले.

तिथेच जमिनीवर बसून लिहायला घेतलं. आधी घरमालकाचं नाव घातलं. बाजूने एकेक पेटी जिना उतरत होती, आणि शेवटची उतरेपर्यंत आतोबांनी पापणी मिटली नाही.