निगेटिव्ह मार्किंग

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आणि त्याला मी सासूबाईंबद्दलचं माझं खरं मतसुद्धा सांगून बसलेय, म्हणजे बघा.

माझ्या नावाआधी 'डॉ.' लागतं. शिक्षणशास्त्रातली पीएच.डी. विषय — हसू नका — मूल्यशिक्षण. देवळाली कॅम्पातल्या आमच्या शाळेत सत्कारही झाला. हार घातला माझ्यासारख्याच तिथं शिकवणाऱ्या गांगुर्डे मॅडमनी. आता मुद्द्यावर ये म्हणाल... येते, येते.

पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा मी आणि गांगुर्डे मॅडम एकदमच देणार होतो. अभ्यास दोघींनी मिळून केला, असं मी सांगते. खरं म्हणजे त्यांनी शिकवलं आणि मी त्यांचा डबा खाल्ला. संख्याशास्त्र माझ्या डोक्यावरून जायचं. बाई बिचाऱ्या मधल्या सुट्टीत वर्गातल्या मुलांचेच मार्क घेऊन पुन्हापुन्हा समजावत बसायच्या. आमच्या विषयाला गाइड मोजके. आम्हा दोघींना जे हवे होते, त्यांच्याकडे जागा एकच. आलं ना लक्षात?

केंद्राच्या फाटकाशी त्यांनी सहज विचारलं, "काय हो, निगेटिव्ह मार्किंग असतं का?"

नव्हतं. मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणाले, "असतं ना." चुकून निघालं तोंडातून? नाही हो — चांगलं ठरवून म्हणाले.

स्क्रीनवर सूचना होत्या की! पण जन्मभर मुलांना 'आधी सूचना वाचा' म्हणून दामटणारे आम्ही शिक्षक, स्वतः कधी वाचतो का? मॅडमनी खात्रीचं तेवढंच सोडवलं, बाकी कोरं ठेवलं. मी अंदाजपंचे सगळं ठोकून दिलं. त्या थोडक्यात हुकल्या, माझा नंबर लागला.

मॅडम मूळच्या हरसूलकडच्या, मनातलं लगेच बोलून टाकणाऱ्या. "निगेटिव्ह असून सगळं सोडवलं? लय धाडस बाई तुमचं," म्हणाल्या. "आपल्यात नाय ते." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी पेढे मी वाटलेच.

त्यानंतर त्यांनी परीक्षेचं नाव काढलं नाही. परवा मात्र स्टाफरूममध्ये चहा ओतता ओतता म्हणाल्या, "यंदा परत बसते म्हणते. निगेटिव्ह असतंच ना अजून?"

आता सांगायचं, आत्ताच — मनाशी पक्कं केलं. तोंडही उघडलं.

"यंदापासून काढून टाकलंय," मी म्हणाले.

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या, "कोणाला तरी दया आली."