चिमटेमास्तरांनी काढलेली शेवटची काच

"मी जाणार नाही म्हणजे नाही. विषय संपला."

"संपला कसा? कारखान्याच्या फळ्यावर लिहिलंय, बाबा. खडूनं, हे एवढ्या मोठ्या अक्षरांत. 'मास्तर दोन शब्द बोलतील.'"

"पुसून टाक म्हणावं."

"का पुसायचं? सदतीस वर्षं त्या कारखान्यातली बोटं सांभाळलीत तुम्ही. नर्सबाई पुस्तकातलं सांगतील, तुम्ही हातातलं सांगा." लेकीनं शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री जोरात फिरवली. "आणि आधी दाढी करा. असे गेलात तर पहिली मलमपट्टी तुमचीच करतील."

एरवी मास्तर हसले असते. आज त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन झाले होते. कारखान्यातला प्रथमोपचाराचा वर्ग तीनला होता.

काच कापायच्या त्या कारखान्यात त्यांना त्यांच्या नावानं कुणी हाक मारत नसे. चिमटेमास्तर, एवढंच. शर्टाच्या खिशात पितळी डबी, डबीत बारीक टोकाचा चिमटा. कुणाच्या बोटात कपची गेली की तो थेट त्यांच्या टेबलाशी येऊन हात पुढे करायचा. मास्तर चष्मा कपाळावरून नाकावर घ्यायचे आणि विचारायचे, "काल काय जेवलास रे?" समोरचा आठवून तोंड उघडेपर्यंत कपची टेबलावर पडलेली असायची. "उत्तर राहू दे आता," मास्तर म्हणायचे. "तसंही चव नव्हती तुझ्या चेहऱ्यावर." हाताला यश होतं त्यांच्या. मालकसुद्धा डॉक्टरांच्या आधी त्यांच्याकडे यायचे.

नव्या माणसाच्या हातात काच कापायची हिऱ्याची लेखणी देण्याआधी ते एक नियम पाठ करून घ्यायचे. काच दिसली की लगेच काढायची, विचार नंतर. आत राहिली तर खोल जाते. त्या कारखान्यात हा नियम श्वासासारखा झाला होता. कुणी कुणाला विचारत नसे.

जावईही त्यांच्याच हाताखाली शिकलेला. लग्नानंतरही त्याच्या तोंडातलं 'मास्तर' सुटलं नाही. लेक चिडवायची, "सासऱ्याला मास्तर, मग मला काय मॅडम म्हणणार?" तो म्हणायचा, "तू तर मालक!"

चार महिन्यांपूर्वी, सकाळची शिफ्ट नुकतीच सुरू झाली होती. उभ्या मांडणीतून मोठं तावदान उचलताना कोपरा आपटला. तावदान फुटलं आणि हातभर लांबीचा तुकडा जावयाच्या मांडीत रुतला. लेक पॅकिंगच्या खोलीतून धावत आली. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. गाडी येईपर्यंत तो गेला होता. आणि चार महिने, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगत आली होती : "बाबांनी क्षणाचाही उशीर केला नाही हो. आपल्या हातानं काच काढली. जे जे करता येण्यासारखं होतं, ते सगळं केलं." हे सांगितलं की तिला त्या रात्रीपुरती झोप लागायची.

"शर्ट घाला," लेक म्हणाली. "आज आमच्या पॅकिंगवाल्यांची पाळी आहे. मी पहिल्या रांगेत बसणारे."

"तूही जाऊ नकोस."

"आता हे काय नवीन?"

"डोकं दुखतंय म्हणून सांग. पोट दुखतंय म्हणून सांग."

"बाबा, मी शाळेत आहे का?" ती हसली, पण मास्तरांचा चेहरा पाहून थांबली. "तुम्ही मागच्या आठवड्यात त्या वर्गाला जाऊन आलात तेव्हापासून असं करताय. नीट जेवत नाही. डबीसुद्धा टेबलाच्या खणात टाकून आलात. काय झालं तिथे? कुणी काही बोललं का?"

"कुणी नाही बोललं."

"मग?"

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेतीन व्हायला आले होते. आपण नाही सांगितलं तर तासाभरात ती परक्या बाईच्या तोंडून ऐकेल, तेही सगळ्यांच्या देखत.

"बस."

"उशीर होतोय."

"बस म्हणतो ना, बाळ."

ती इस्त्री उभी ठेवून स्टुलावर बसली. मास्तरांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्याची घडी करून स्वतःच्या मांडीवर ठेवली.

"साधी जखम असेल, वाहत असेल, तर असं करायचं. स्वच्छ कापड ठेवायचं. तळहाताच्या टाचेनं दाबायचं, अंगाचा भार देऊन. उघडून बघायचं नाही. भिजलं तर त्याच्यावर दुसरं ठेवायचं, खालचं काढायचं नाही. काढलं की धरलेलं पुन्हा सुटतं. कुणीतरी गाडी बोलवायची. गाडी येईपर्यंत हात उचलायचा नाही."

"छान सांगताय की! मग तिथे बोलायला काय..."

"थांब. पुढे आहे." त्यांनी टेबलावरची फूटपट्टी घेतली आणि टॉवेलच्या घडीत उभी खोचली. "त्या बाईंनी उशीत पट्टी खोचून दाखवलं. मोठी वस्तू रुतली असेल, काच, सळई, काहीही, तर..." त्यांनी नुकताच इस्त्री केलेला शर्ट मांडीवर ओढला आणि एक बाही गुंडाळून पट्टीच्या एका बाजूला ठेवली. दुसरी बाही दुसऱ्या बाजूला. "तर दोन्ही बाजूंनी दाबायचं. वस्तूवर नाही. आणि ती..."

लेक त्या पट्टीकडे पाहत होती.

"ती काढायची नाही," मास्तर म्हणाले. "तिनंच जखमेचं तोंड बंद केलेलं असतं, बाटलीच्या बुचासारखं. ती डॉक्टर काढतात."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

"तो स्वतः म्हणाला होता," लेक म्हणाली. "'मास्तर, काढा.' मी ऐकलंय."

"मी शिकवलं होतं म्हणून म्हणाला."

"काढली नसती तर?"

"मी विचारलं बाईंना. नाव न सांगता. म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही." मास्तरांनी पट्टी घट्ट धरून ठेवली होती. "म्हणाल्या, वेळ मिळतो. हॉस्पिटल आपल्यापासून दहा मिनिटांवर आहे."

"आणि कापड?"

"काय?"

"उघडून बघायचं नाही म्हणालात ना आत्ता. तुम्ही बघितलं होतं."

"चार वेळा."

"पाच." तिचा आवाज अगदी सपाट होता. "पाचव्यांदा मी म्हटलं होतं. 'बाबा, बघा ना, थांबलं का.' तुम्ही माझ्यासाठी उघडलंत."

हे मास्तरांच्या ध्यानीमनी नव्हतं. सात दिवस ते स्वतःलाच आतून कुरतडत होते. पण आपल्या सांगण्याचा एक तुकडा तिच्यातही जाऊन रुतेल, हे त्यांना सुचलंच नव्हतं.

"तुझा काही दोष नाही. ऐकतेयस का? हात माझा होता. नियम माझा होता. तू बायको होतीस त्याची, तू विचारणारच."

ती उठली. इस्त्रीचं बटण बंद केलं. वायर गुंडाळली, नेहमीसारखी, तीन वेढे. मग तिनं मास्तरांच्या मांडीवरून शर्ट उचलला, चुरगळलेल्या बाह्या हातानं सरळ केल्या आणि खुर्चीच्या पाठीवर टांगला.

"मी येऊ का तुझ्याबरोबर?" मास्तरांनी विचारलं. "मी सांगतो सगळ्यांना. माझ्या तोंडानं सांगतो."

तिनं चपला पायात सरकवल्या.

"बाळ, वर्ग सुटला की इथेच येशील ना?"

तिनं दार उघडलं आणि ती बाहेर पडली. दार तिनं ओढून घेतलं नाही. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खाली खाली जात राहिला, आणि मास्तर मांडीवरच्या टॉवेलवर तळहात दाबून बसून राहिले.