साखरेच्या लॅबमधली माणसं

लॅबमध्ये एक पेपर निघायला वर्षं लागतात, किस्से मात्र रोज निघतात. नांदेडला आमच्या लॅबमध्ये रक्तातली साखर कमी करणाऱ्या वनस्पतींवर काम चालतं. गाईड माधव सर, मूळचे उदगीरचे. पूर्वी चहाला बसलो की हे किस्से सांगून आम्ही हसायचो. आता सांगता सांगता कुणीतरी मध्येच गप्प होतं.

*

बेडकीचा, म्हणजे गुडमारचा, पाला गोळा करायला आम्ही इस्लापूरकडच्या जंगलात गेलो होतो. शेळ्या चारणाऱ्या एका बाईनं विचारलं, "कशापाई तोडून राहिलात?"

सर म्हणाले, "साखरेवर अभ्यास चाललाय, मावशी."

बाईनं लांबच्या मैत्रिणीला हाक मारली, "अगं, इथं साखर कारखाना येणार हाय म्हणं! पोरान्ला नोकऱ्या लागतील."

सरांनी दगडावर बसून तिला मधुमेह, इन्सुलिन, सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे कारखाना न्हाई?"

"नाही, मावशी."

ती शेळ्या हाकत निघून गेली. परतताना जीपमध्ये आम्ही हसत होतो. सर खिडकीबाहेर बघत होते.

*

हा पाला चघळला की जिभेला गोड कळत नाही. वर साखर खाल्ली तर वाळू खाल्ल्यासारखी लागते. ऑफिसातल्या देशमुख काकांना शुगर होती. ते रोज दुपारी चहाआधी पाला मागायला यायचे.

सर म्हणाले, "काका, काकू थर्मासमध्ये देतात तो चहा तर बिनसाखरेचाच असतो. मग पाला कशाला?"

"पाला खाल्ला की फिक्या चहाचा दोष पाल्याला देता येतो. बायकोला न्हाई."

पुढं काकू गेल्या. दिवस झाल्यावर काका ऑफिसला आले, पण पाला मागायला आले नाहीत. थर्मासमधला चहा आता स्वतःच करून आणायला लागले, चांगला साखरेचा. सर रागावले.

काका म्हणाले, "आता कोण बघतंय, सर?"



*

उंदरांवरचे निकाल चांगले आले. 'उंदरांमध्ये आशादायक परिणाम दिसले,' एवढंच सरांनी एका वार्ताहराला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'मधुमेहावर औषध सापडलं.'

दिवसभर फोन. एकानं तर विचारलं, "सर, उंदरान्ला पथ्य काय दिलं होतं?" आम्ही पोट धरून हसलो.

ते हसणं पावसाळ्यापर्यंत टिकलं. हिमायतनगरचे एक टेलर लॅबमध्ये आले. पायाला फडकं बांधलेलं. बातमी वाचून त्यांनी गोळ्या सोडल्या होत्या आणि कुठून तरी पाला आणून त्याचा काढा सुरू केला होता. फडकं सोडल्यावर सरांनी कुणाला काही न विचारता रिक्षा बोलावली आणि स्वतः त्यांना दवाखान्यात नेलं. आधी पाय गेला. मग ते गेले.

सर त्यांच्या घरी गेले, मीही सोबत होते. शिलाई मशीनवर चादर टाकलेली. सर त्यांच्या बायकोला म्हणाले, "मी औषध सापडलं असं म्हणालोच नव्हतो, ताई."

ती म्हणाली, "तुम्ही म्हणला न्हाईत, हे बी छापायला पायजे होतं की."

तेव्हापासून सर कुठंही भाषणाला गेले की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "गोळ्या बंद करू नका."

*

सरांच्या आई लातूरच्या दवाखान्यात होत्या. शुगरमुळे त्यांची नजर कधीचीच गेली होती. सरांचे कपडे घेऊन मी नांदेडहून गेले, त्याच दिवशी डॉक्टरांनी सरांना बाजूला घेतलं. "आता पथ्याचा उपयोग नाही. मागतील ते द्या."

सर खाली गेले आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. एक पेढा आईच्या हातावर ठेवला. त्यांनी तो बोटांनी चाचपला, नाकाजवळ नेला.

"पेढा हाय."

"हाव, आई."

"मला चालत न्हाई की."

"आता चालतंय."

आईंनी पेढा पुन्हा चाचपला. मग म्हणाल्या, "म्हणजे तुझं औषध निघालं?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

"हाव, आई. निघालं."

आईंनी पेढा सावकाश खाल्ला. बोटं पदराला पुसली. "मग मला एकटीलाच काय देतोस? सगळ्यान्ला वाट की."

सर बॉक्स घेऊन उठले. शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कशाचे पेढे, साहेब?"

सर आईकडं वळले आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "औषध निघालं."