मावशीच्या पलंगाजवळची खुर्ची

मावशी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी बिल्डिंगच्या फळ्यावर खडूने लिहिलं, ‘शांतपणे निधन’. शांतपणे! ह्यांनी मिळू दिली असती शांतता तर ना...

कमलमावशी आमच्या शेजारची. मूळ मिठागराकडच्या गावची, नंतर इथे चंदनसारला आली. कुणाच्या घरी माणूस घटका मोजायला लागलं की तिला बोलवायचे. ओठ ओले करायचे, कूस बदलायची, घाबरलेल्या सुनेला दोन घास खायला लावायचे, सगळं ती बघायची. पण घरात शिरल्या शिरल्या पहिल्यांदा पलंगाजवळची खुर्ची उचलून पॅसेजमध्ये. कारण भेटायला येणारे! खुर्ची दिसली की हे बसणार आणि कानात ओरडणार, ‘ओळखलंत का मला? सांगा बघू कोण?’ मरणाऱ्याची तोंडी परीक्षा! मी त्यांच्या नकला करायचो, सेक्रेटरींचा खाकरा, खालच्या काकूंचा हुंदका, आणि मावशी पोट धरून हसायची. ‘माझ्या टायमाला यातला एक पन आत नको,’ म्हणायची. मी हो म्हटलं होतं.

मग तिचीच पाळी आली. पीसीओवरून मीच तिच्या मुलाला फोन केला. तो ठाण्याहून आला आणि पहिलं काम काय, तर खुर्ची आत! अख्खी बिल्डिंग लायनीत. ‘मावशी, ओळखलंत का?’ तिचे डोळे घट्ट मिटलेले. ‘अगं बाई, मला पण नाही ओळखलं!’ काकू अशा खुशीत, जसा काय नंबर आला. मी म्हटलं, तिला नकोय हे, बाहेर चला. सेक्रेटरी खाकरले, ‘तू गप रे, जोकर.’

बरं. जिन्यात गेलो आणि वॉचमनच्या आवाजात बोंब ठोकली, ‘टँकर आ गयाऽऽ! जल्दी आओ!’

आमच्याकडे नळाला नुसता वारा येतो. खोली साफ! काकूंनी हुंदका अर्धा गिळला न् कळशी धरली. सेक्रेटरी हंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे. आणि मुलगा... तोसुद्धा गेला, आईचीच बालदी घेऊन.

मी खाली फरशीवर बसलो, तिचा हात धरला. काही विचारलं नाही. कापसाने ओठ ओले केले. डोळे न उघडताच ती पुटपुटली, ‘तू नाय गेलास पान्याला?’

‘नाय.’

ओठाचा कोपरा हलला. खाली मंडळी रिकामे हंडे घेऊन वॉचमनला शिव्या घालत होती, तेवढ्यात ती गेली.

खुर्ची मुलाने मला देऊन टाकली. परवा सेक्रेटरी घरी आले, तिच्यावर टेकणार तेवढ्यात विचारतात, ‘काय रे, शेवटी कुणाला ओळखलं का तिने?’

मी हुबेहूब त्यांच्यासारखा खाकरलो, आणि खुर्ची उचलून पॅसेजमध्ये ठेवली.