विषुववृत्ताखालचा चहा

सकाळी दूधवाल्याकडून पिशवी घेतली की अक्का उजव्या हाताचं बोट जिभेला लावायच्या, ते हवेत उंच धरायच्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, "आज मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये."

आता हे दृश्य जरा डोळ्यांसमोर आणा. गल्ली धारवाडजवळच्या नवनगरची. मच्छीमार औषधालाही नाही. पाणी म्हणाल तर उणकलचं तळं, आणि तिथं लोक संध्याकाळी गिरमिट खायला जातात. समुद्र घाट उतरून पार पलीकडे. तरी आमचा दूधवाला बसप्पा, ज्याच्या म्हशी अमरगोळला बांधलेल्या, गंभीर तोंडानं कानडीत होकार देत "हौद्री अक्का" म्हणायचा आणि मोटरसायकल अशी वळवायचा, जणू आज त्याचीच होडी किनाऱ्यावर राहणार आहे.

मी समोरच्या घरात राहतो. धारवाडच्या कोर्टात वकिली करतो, म्हणजे बोलणं हाच माझा धंदा. अक्का मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. यजमान लवकर गेले. मुलगा एकुलता एक, आणि तो मालवाहू जहाजावर इंजिनिअर. ज्या घरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं त्या घरातल्या मुलानं समुद्रात नोकरी का धरावी, हे कोडं त्यांना कधीच सुटलं नाही. स्वतः त्यांनी समुद्र एकदाच पाहिला होता, शाळेच्या सहलीत, गोकर्णाला. तोही पाठमोरा. सगळा वेळ त्या मुलांवर नजर ठेवून होत्या.

पण फोनवरचा समुद्र त्यांना तोंडपाठ. वाऱ्यालाटांचा रंगीत नकाशा मुलानंच लावून दिला होता. निळा रंग म्हणजे शांत. हिरवा म्हणजे चालेल. लाल म्हणजे देवापुढे दिवा. जांभळा म्हणजे विचारू नका. त्या जांभळ्यापायी त्यांनी आपलं नवंकोरं जांभळं इरकल लुगडं कामवालीला देऊन टाकलं. बाई खूष. मी म्हटलं, "अक्का, पुढच्या वादळाचा रंग माझ्या बायकोला आवडेल असा बघा." त्यांनी माझ्याकडे चौथीतल्या वात्रट पोराकडे बघावं तसं बघितलं.

एकदा त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. अरबी समुद्रात लाल डाग उठला होता. अक्का कपात चमचा फिरवत होत्या, फिरवत होत्या, आणि थांबेचनात. मी विचारलं, साखर विरघळत नाही का?

"वादळ घड्याळाच्या उलटं फिरतं, वकील. नकाशात बघा. म्हणून मी सुलटं फिरवते."

"म्हणजे तुम्ही नवनगरात बसून अरबी समुद्र थांबवता?"

"थांबवत नाही. जरा अडवते. माझ्या हातून तेवढंच होतं."

ही गोष्ट मी बार रूममध्ये साभिनय सांगितली. हशा मिळाला. घरी आलो तर बायको आमटी घड्याळाच्या काट्याप्रमाणे ढवळत होती. मी बघतच राहिलो. ती म्हणाली, आपलं काय जातंय? महिन्याभरात आमच्या ओळीतल्या सगळ्या डावांना, पळ्यांना आणि चमच्यांना एकच दिशा आली. आणि गंमत बघा, ती सगळी वादळं वळायची, विरायची, कुठंतरी दूर ओमानकडे जायची. मुलाचा फोन यायचा. कोणी अक्कांचं कौतुक केलं तर त्या म्हणायच्या, "इरली बिड्री, अंदाजच होता तो." राहू द्या हो, म्हणजे.

मग एका वर्षी जहाज आफ्रिकेच्या बाजूला गेलं, मादागास्करच्या आसपास. "बंदर लागलं की फोन करतो" असा निरोप आला आणि त्यानंतर काहीच आलं नाही. नकाशात तिथं जांभळा भोवरा दिसू लागला. अक्कांनी चमचा हाती घेतला. चहा, ताक, पिठलं, काहीही ढवळायला त्यांना पुरत नव्हतं.

एका दुपारी कोर्टातून आलो तर त्या फाटकाशी उभ्या. फोन माझ्यासमोर धरला. "वकील, हे सुलटं फिरतंय."

मी पाहिलं. फिरत होतं. विषुववृत्ताच्या खाली वादळं उलट्या दिशेनं फिरतात, हे मलाही त्याच क्षणी कॉलेजातून कुठून तरी आठवलं.

"पृथ्वीचा गोल हातात घेऊन मी पोरांना ती रेघ दाखवायची," अक्का म्हणाल्या. "रेघेखाली असं असतं हे पुस्तकात नव्हतं. म्हणजे इतके दिवस मी वादळालाच हात देत होते."

मी आपलं म्हटलं, मग आता उलटं ढवळा.

"उलटं कधी करतात, ठाऊक आहे ना? श्राद्धाला. जित्या लेकासाठी मी अपसव्य हात फिरवू?"

मी बाजू मांडली. धर्मशास्त्र विषुववृत्ताच्या वर लिहिलेलं आहे, त्याची हद्द तिथंच संपते, रेघेखाली अपसव्य तेच सव्य मानावं, असा जन्मातला सर्वोत्तम युक्तिवाद मी त्या फाटकाशी उभं राहून केला. अक्कांनी तो न्यायाधीशासारखा शेवटपर्यंत ऐकला.

"तुमचं बरोबर असेल, वकील. पण हात उठत नाही."

सुलटं फिरवावं तर वादळाला जोर. उलटं फिरवावं तर अपशकुन. अक्कांनी चमचा धुतला, फडताळात ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसल्या. समोर टेबलावर फोन, फोनमध्ये ते जांभळं फिरतंय. त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं, आणि त्यांच्यासमोर बसून मलाही. मी मुंबईला जहाज कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. एका मुलीनं गोड आवाजात सांगितलं की शेवटच्या बातमीप्रमाणे सगळे सुखरूप आहेत. शेवटची बातमी कधीची, विचारलं, तर म्हणाली, बघून सांगते. घरी आमटी खाली लागली. बायकोनं ढवळलीच नव्हती. सकाळी बसप्पानं पिशवी दिली, गाडी चालू ठेवून थांबला, वाट पाहिली. बोट काही वर गेलं नाही. तोही गाडी वळवून गेला.

मग एका सकाळी फोन वाजला. कप्तानानं जहाज आधीच लांबून वळवलं होतं, नेट तेवढं बंद पडलं होतं. "जेवलास का?" एवढंच विचारून अक्का बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. नंतर त्यांनी चमच्याचं सगळं सांगितलं, तेव्हा तो इतका हसला की पलीकडे सोफ्यावर मला ऐकू आलं. "आई, पुढच्या वेळी इथं मीच ढवळतो," तो म्हणाला. अक्का हसल्या नाहीत. त्या दिवसापासून त्या बिनसाखरेचा चहा पिऊ लागल्या.

गेल्या माघात अक्का गेल्या. झोपेतच. आदल्या सकाळी बोट वर करून त्यांनी सांगितलं होतं, "मच्छीमारांना आज काही इशारा नाही." मी मुलाला कळवलं. मग त्यांचाच फोन उघडून नकाशा पाहिला. सबंध हिंदी महासागर निळा. कुठं ठिपकासुद्धा नाही.

"काका, इथं पाणी आरशासारखं आहे," तो तुटक्या आवाजात म्हणाला. "पण बंदर लांब आहे."

अग्नी त्यांच्या अळणावरच्या पुतण्यानं दिला. सगळं अपसव्य, जसं असतं तसं.

मुलगा पोचला तेव्हा दिवसकार्यही उरकलं होतं. सकाळी त्यानंच फाटकाशी जाऊन दूध घेतलं. पिशवी देऊन बसप्पा जरा वेळ तसाच उभा राहिला. का, ते पोराला कळलं नाही. मग त्यानं आईच्या स्वयंपाकघरात आम्हा दोघांपुरता चहा केला, कपांत साखर घातली, फडताळातून चमचा काढला आणि माझ्याकडे बघितलं.

"काका, कुठल्या बाजूनं?"

त्यानं थोडा वेळ वाट पाहिली, मग चमचा बशीत ठेवला. आम्ही चहा तसाच प्यायलो. वरवरचा फिका. साखर तळाशी राहिली.