पुष्पाअक्कांनी हात वर केला

आमच्या प्रभागातून पुष्पाअक्का दोनदा निवडून आल्या आणि तिसऱ्यांदा त्यांना त्यांच्याच माणसांनी पाडलं. पाण्याचे हाल चालू असताना पाडलं असतं तर समजू शकलो असतो. घरोघरी नळाला रोज सकाळी दाबाने पाणी यायला लागलं, आणि मग पाडलं. नगरपालिकेत माझी चौतीस वर्षं झाली. सभांचं टिपण घेणं हे माझ्या कामांपैकी एक. इतक्या नगरसेवकांची भाषणं उतरवून घेतली, पण या बाईसारखं माणूस दुसरं पाहिलं नाही. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहितो.

गाव चोपडा आणि शिरपूरच्या मधलं. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. गावाच्या मधून नाला जातो. अलीकडे आमचा प्रभाग, पलीकडे दुसरा. सोयरीक दोन्हीकडे होते, दूध-भाजी इकडची तिकडे जाते, फक्त मत नाला ओलांडत नाही. इकडच्या बहुतेकांचा पक्ष एक, तिकडच्या बहुतेकांचा दुसरा, आणि हे आजोबांच्या काळापासून ठरलेलं. माणूस जन्माला येतो तो पक्ष घेऊनच, असं म्हटलं तरी चालेल.

अक्कांची पिठाची गिरणी आहे. नवरा रतिलाल गिरणी चालवतो आणि अक्का डबे उतरवून घेतात. पदरावर कायम पीठ. नगरसेविका झाल्यावरही त्यात फरक पडला नाही. सभेला यायच्या तेव्हा पदर झटकून यायच्या, तरी खुर्चीवर पांढरा ठसा राहायचा. बोलायच्या कमी. विषयपत्रिका मात्र आधी नेऊन वाचायच्या, आणि न कळलेला शब्द दुसऱ्या दिवशी कार्यालयात येऊन विचारायच्या. माझ्याकडे असं विचारायला येणाऱ्या त्या एकट्याच.

दुसऱ्या मुदतीच्या शेवटच्या वर्षी नव्या पाण्याच्या टाकीचा विषय आला. सत्ता अक्कांच्या पक्षाची होती. पक्षाने ठरवलं, टाकी आमच्या प्रभागात, भटू आबांच्या खळ्याच्या जागेवर. भटू आबा म्हणजे पक्षाचे जुने कार्यकर्ते. सत्तरीचे. झेंडा लावण्यावरून सख्ख्या मेहुण्याशी बारा वर्षं अबोला धरलेला माणूस. त्यांनी जागा आपणहून देऊ केली होती. पलीकडचे कुंदनभाऊ विरोधात होते. त्यांचं म्हणणं, नाल्यापलीकडची टेकडी उंच आहे, टाकी तिथे बांधा, म्हणजे सगळ्या गावाला पाणी चढेल. आमच्या बाजूला हे कोणी ऐकूनही घेतलं नाही. टाकी त्यांच्याकडे न्यायची चाल आहे, एवढंच सगळे म्हणाले.

अक्कांनी ऐकून घेतलं. एका सकाळी त्यांनी ओळखीच्या गवंड्याला बोलावलं. गवंडी पातळी बघायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, ती घेऊन दोघं भटू आबांच्या खळ्यापासून निघाले. थोडं अंतर मोजायचं, खूण करायची, पुढे सरकायचं. असं करत नाला ओलांडून टेकडीपर्यंत. दोन सकाळी लागल्या. लोक ओट्यावरून बघत होते.

"काय अक्का, गावाला भिंत घालताय का?" एकाने विचारलं.

"बघते, कोण किती पाण्यात आहे ते," अक्का म्हणाल्या. लोक हसले, अक्काही हसल्या, आणि गोष्ट तिथेच राहिली. त्या काय मोजताहेत हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. टेकडी खळ्यापेक्षा अकरा फूट उंच निघाली. तेही घरात रतिलालशिवाय कोणाला कळलं नाही.

सभेच्या दिवशी बाहेर आवारात आमच्या प्रभागातली चाळीसेक माणसं वाजंत्री लावून उभी होती. टाकी मिळणार हे गृहीतच होतं. पक्षाने आपल्या सदस्यांना लेखी आदेशसुद्धा काढला नव्हता, कारण तशी गरज कोणाला वाटली नव्हती. आधी कुंदनभाऊंची उपसूचना मतदानाला आली: टाकी टेकडीवर बांधावी. समोरच्या आठ जणांचे हात वर गेले. मग आमच्या बाकावरून एक हात वर गेला. त्यावर कोपरापर्यंत पीठ होतं.

गटनेते पुना नाना वाकून हळूच म्हणाले, "अक्का, हात खाली घ्या. हा त्यांचा विषय आहे, आपला नंतर आहे."

"माहीत आहे, नाना."

"अहो, चुकून वर गेलाय तुमचा."

"चुकून नाही गेला. टेकडी अकरा फूट उंच आहे. मी मोजली. खळ्यावर टाकी बांधली तर पाणी आपल्याच शेवटच्या दोन गल्ल्यांना चढणार नाही."

नऊ विरुद्ध आठ. मी आकडे लिहिले आणि वर पाहिलं. सभागृहात कुंदनभाऊंसकट सगळे अक्कांकडे बघत होते. अक्का तेवढ्या पुढच्या विषयाचं पान उलटत होत्या. बाहेर वाजंत्री वाजायला लागली तेव्हा मला वाटलं, आता हिचं कसं होणार. अक्का मात्र सह्या आटोपून निघाल्या तेव्हा आवार रिकामं झालं होतं.

पुढे महिन्याभरात टेकडीवर भूमिपूजन झालं. थंडीचे दिवस. आमच्या खानदेशात थंडीत मळ्यामळ्यांत भरताच्या पंगती बसतात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत मुसळाने ठेचायची आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीबरोबर खायची. राजकारणात कोण कोणाच्या भरताला बसलं यावरून माणूस मोजला जातो. अक्का त्या दिवशी पायाचे खड्डे बघायला टेकडीवर गेल्या. तिथे कुंदनभाऊंच्या लोकांची पंगत चालू होती. "या अक्का, बसा," म्हणाले, आणि अक्का बसल्या. बोलावल्यावर बसायचं, एवढंच त्यांच्या मनात. कुंदनभाऊ त्यांच्या पानात भरीत वाढताहेत असा फोटो अर्ध्या तासात सगळ्या मोबाईलवर फिरला.

त्याच दुपारी भटू आबांच्या मळ्यात आमच्या बाजूचं भरीत होतं. अक्का तिथेही वेळेवर पोचल्या. पण पोट भरलेलं. पानात पूर्ण भाकरी आली, ती त्यांनी मोडून अर्धी परत टोपलीत ठेवली. शंभर माणसांनी ते पाहिलं. भटू आबांनी ती अर्धी भाकरी उचलली आणि बैलाला घातली.

त्यानंतर मुदत संपली, प्रशासक आले, निवडणूक काही वर्षं लांबली. तेवढ्यात टाकी उभी राहिली आणि अक्का म्हणाल्या होत्या तसंच झालं. आमच्या शेवटच्या गल्लीतही दुसऱ्या मजल्यावर पाणी चढलं. मला वाटलं, आता लोकांना पटेल.

मागच्या डिसेंबरात निवडणूक लागली. एक दिवस मी गहू दळायला गेलो होतो, तेव्हा पुना नाना गिरणीवर आले. गिरणीच्या आवाजात त्यांना ओरडून बोलावं लागत होतं.

"अक्का, तिकीट तुमचंच आहे. फक्त रविवारच्या मेळाव्यात एवढं म्हणा, की टाकीच्या वेळी माझी चूक झाली."

"काय?"

"चूक झाली म्हणा!"

अक्कांनी रतिलालला गिरणी बंद करायला लावली. एकदम शांत झालं. "नाना, तुमच्या घरी पाणी कितव्या मजल्यावर येतं?"

"तिसऱ्या," नाना म्हणाले.

"मग कशाची चूक म्हणू?"

रतिलाल जात्यावरचं पीठ पुसत म्हणाला, "नाना, लग्नाला छत्तीस वर्षं झाली, मला नाही जमलं हिच्याकडून चूक कबूल करून घेणं. तुमची तर एकच निवडणूक आहे."

नाना हसले आणि गेले. महिला राखीव जागेला दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून तिकीट अक्कांनाच मिळालं. एका प्रभागात दोन जागा असतात. अ जागेवर पक्षाचा जितेंद्र उभा होता, ब जागेवर अक्का. चिन्ह एकच. अक्का दारोदार गेल्या. सगळे "हो अक्का, हो अक्का" म्हणाले. कोणी वाद घातला नाही. आता कळतं, ते वाईट लक्षण होतं.

निकालाचा कागद मी पुन्हा पुन्हा वाचला. अ जागेवर जितेंद्रला ११०४ मतं. ब जागेवर त्याच चिन्हावर, त्याच मतदारांकडून अक्कांना ७०२. पलीकडच्या पक्षाची मेघा ७६९ मतांनी निवडून आली. आणि नोटाला ३०४. अ जागेवर नोटाला फक्त ३१ होती, आणि पलीकडच्या पक्षाला ६४०. म्हणजे पक्ष सोडला नव्हता कोणी. आधी आपल्या चिन्हासमोरचं बटण दाबायचं, मग त्याच चिन्हासमोर अक्कांचं नाव वाचून बोट बाजूला न्यायचं, असं चारशे माणसांनी केलं होतं. त्यातल्या बहुतेकांना तर विरोधकांनाही मत द्यायचं नव्हतं. फक्त अक्कांना द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी चालू होती. अक्का डबे उतरवत होत्या. मी माझा डबा घ्यायला उभा होतो तेवढ्यात भटू आबा आले. हातात डबा नव्हता. काठी टेकून उभे राहिले.

"अक्का, ते नोटानं बटन मीच दाबं," ते नेहमीच्या अहिराणीत म्हणाले. "तोंडवर सांगाले उनू."

अक्कांनी त्यांच्यासाठी स्टूल पुढे केलं. आबा बसले नाहीत.

"आबा, पाणी येतं ना घरी?"

"येस ना. भरपूर येस. तू खरं बोलनी, ते बी मान्य शे."

"मग?"

आबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "त्या दिनले आम्ही भायेर उभा व्हतूत. चाळीस माणसं. मन्हा हातमा गुलालनी पिशवी. आपला इजय व्हई म्हनीसन. तेवढामा कुंदनना माणसं नाचत भायेर उनात. आमले तर ठावंच नही काय व्हयनं. त्यासनी मन्हाच हातनी पिशवी हिसकी लिधी आणि मन्हाच तोंडले तो गुलाल फासा. मन्हा मेव्हणा बी व्हता त्यासमा. बठ्ठा गाव हासना."

अक्का डब्यावर हात ठेवून उभ्याच राहिल्या. "आबा, हे मला कोणी सांगितलं नाही हो."

"कोन सांगी? तू इचारं का? तू तर त्यासना भरीतले बसनी." आबांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "तू मोजं, तुले समजनं, तू हात वर करा. पन आम्ही तुन्हासाठे लोकसशी भांडतस ना माय? मेव्हणाशी मी बारा साल बोलनू नही, कोनसाठे? आधी सांगती, खळावर टाकी नको म्हनीसन. मी भांडतू तुन्हाशी. पन गुलालनी पिशवी लिसन तठे तर नही जातू."

मला तेव्हा त्या चारशे मतांचा अर्थ लागला. पक्षाचा मतदार मत देऊन घरी जात नाही. तो वर्षभर नातेवाइकांत, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात आपल्या माणसाची बाजू लढवत असतो. त्याचा नगरसेवक एका क्षणात दुसरीकडे हात वर करतो तेव्हा नगरसेवक मोठा होतो, आणि हा उघडा पडतो. पाणी कितीही चढलं तरी ते उघडं पडणं झाकत नाही.

अक्कांचे डोळे भरले नाहीत. त्या हिशेबी बाईसारख्या, शब्द तोलून बोलल्या. "टाकीचं मी चुकले नाही, आबा. ते मी कोणासमोरच म्हणणार नाही. पण मोजल्यावर आधी तुमच्याकडे यायला पाहिजे होतं. ते चुकलं. आणि ती अर्धी भाकरी परत ठेवली, तेही चुकलं."

‘चुकलं’ हा जो शब्द पक्षाला तिकिटाच्या बदल्यात मिळाला नाही, तो आबांना मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी, फुकट मिळाला. आबा मान हलवून निघून गेले. मला वाटलं, संपलं.

तिसऱ्या दिवशी मेघाची आभार फेरी निघाली. आमच्याकडे जिंकलेला उमेदवार ढोल-ताशे लावून गल्लीगल्लीतून हात जोडत फिरतो. ती फेरी आमच्या चौकातून वळली आणि तिच्या मागे, अर्ध्या तासाने, पुष्पाअक्का निघाल्या. पडलेल्या उमेदवाराची फेरी मी आयुष्यात पाहिली नव्हती. झेंडा नाही, माणसं नाहीत. बरोबर फक्त रतिलाल. प्रत्येक दारात त्या तेच बोलत होत्या: "टाकीला हात मी वर केला, तो बरोबर होता. तुम्हाला न सांगता केला, ते चुकलं. एवढंच सांगायला आले."

नऊ दिवस लागले. काहींनी दार उघडलं नाही. काहींनी चहा दिला. एका ओट्यावर तर चांगलीच खडाजंगी झाली. शेवटच्या गल्लीतल्या इंदिराबाई, अक्कांच्याच वयाच्या, तोंडाने फटकळ. हातातलं सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "आता निवडणूक संपली ना वं? आता कशाला हिंडतेस दारोदार?"

"आता मागायला काही नाही, म्हणून."

"आणि आधी सांगितलं असतंस, तर आम्ही ऐकलं असतं असं वाटतं तुला? टाकी आमच्याकडेच पाहिजे म्हणून तुझ्या गिरणीला कुलूप ठोकलं असतं!"

"ठोकलं असतं," अक्का म्हणाल्या. "तरी मी हात वरच केला असता."

"म्हणजे पडली तर असतीसच!"

"पडलेच असते. पण तुम्हाला सांगून पडले असते."

इंदिराबाईंनी सूप उचललं, ओट्यावरची जागा झाडून साफ केली आणि म्हणाल्या, "बस मग जरा. पाय किती सुजलेत बघ." रतिलाल लगेच बसला. अक्का बसल्या नाहीत. गल्लीत अजून सहा घरं राहिली होती आणि त्यांनी पुढच्या दाराची कडी वाजवलीसुद्धा होती.